वर जाणारे कण

चहाचा ट्रे ठेवून नीलाने पदर सावरला आणि कोणी काही विचारायच्या आत आकाशाचा विषय काढला.

"ध्रुवाजवळच्या आकाशात रंगीत प्रकाश दिसतो. वरून विद्युतभारित कण कोसळतात म्हणून. पण शहात्तर साली सोडलेल्या उपग्रहाला तिथूनच वर जाणारे कण सापडलेत. आपल्याच हवेतले. ऑक्सिजनसारखे जडसुद्धा."

हे तिचं ठेवणीतलं अस्त्र होतं. एम.एस्सी. झालेली मुलगी असं बोलू लागली की पाहुणे कपात बघत आणि आठवड्याने नकार येई. तीन स्थळं तिने अशीच पिटाळली होती. चौथंही मोडलं तर जा विद्यापीठात संशोधनाला, असा शब्द वडिलांनी वैतागून दिला होता. पिंपळे गुरवच्या त्या खोलीत आज तिला काहीही करून नापसंत व्हायचं होतं.

तळवड्याच्या मालोजींनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. त्यांचा मुलगा विलास, कंपनीत फिटर, शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसला होता.

"समदे वर गेल्यावर खाली कोन ऱ्हातं?" मालोजींनी विचारलं.

"थोडेच जातात. ज्यांना पुरेसा जोर मिळतो ते."

मालोजींच्या पत्नी सुमनताई उठल्याच. "चला. घरात चार म्हशी हायेत आन् हिचं ध्यान आभाळात."

वडिलांचा, साहेबरावांचा, चेहरा पडला. नीलाला इतका आनंद झाला की तिने मान खाली घातली, नाहीतर हसू दिसलं असतं.

"बस गं खाली," मालोजी बायकोला म्हणाले आणि वळले. "साहेबराव, तीन ठिकानी नाकारली ना हिला?"

साहेबराव ट्रेमधले कप सारखे करू लागले.

"गावभर झालंय, लपवता कशाला? आमाला अशीच पायजे. नाकारलेली पोर सासरी गुमान नांदती. रुसून जाईल कुठं? परत कोन इचारतंय तिला?"

विलासने पहिल्यांदाच वर पाहिलं आणि तो हसला.

नीलाने घाईने वडिलांकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. ते सुटल्यासारखे दिसत होते.

"पसंत हाय," मालोजी म्हणाले. "सुपारी फोडू. पोरी, अडकित्ता आन."

नीला आत गेली. अडकित्ता फडताळात समोरच होता. त्याला हात न लावता ती तशीच उभी राहिली.

"घावंना व्हय गं?" बाहेरून वडिलांनी विचारलं. कित्येक महिन्यांत ते तिच्याशी इतकं मऊ बोलले नव्हते. "खालच्या कप्प्यात हाय बघ, बाळा."