फळीवरचा ठेका

आमच्या घरी नालबंद टिकत नाही. पहिल्याला दारूचा वास येतो म्हणून बाबांनी हाकललं. दुसरा काम करताना शीळ वाजवायचा. वाकडा गेलेला खिळा तो शिळेत दडवतो, हा बाबांचा शोध. तिसरा शेजारच्या होराशियोच्या तबेल्यातही जायचा, आणि होराशियोचा घोडा दर जत्रेत आमच्या कानेला घोडीसमोर उतरतो. मग काय, तो विकला गेलेलाच.

पुरावा दरवेळी एकच. अंगणात लाकडी फळी टाकलेली आहे. नाल ठोकून झाली की बाबा कानेलावर बसून तिला फळीवरून न्यायचे. आमच्याकडे घोड्याची चाल जत्रेतही कानानं जोखतात. चारही खुरांचा ठेका सारखा पडला पाहिजे. पण अलीकडे नाल कुणीही ठोको, कानेलाचा ठेका एका जागी अडखळायचा. "पाणी मुरतंय कुठंतरी," बाबा म्हणायचे, आणि नालबंदाची पाठवणी व्हायची.

जत्रा रविवारवर आली. आई गेल्यापासून जत्रेत कानेलावर बसणं एवढंच बाबांना उरलं होतं. मी पलीकडच्या दरीतून विल्मार नावाचा नालबंद शोधून आणला. बाबा स्टूल टाकून त्याच्या हाताशीच बसले.

"होराशियो काय देतो तुला?"

"त्यांच्याकडे मी जात नाही, एलियेसेरकाका. तिथं माझा मेहुणा जातो."

"म्हणजे घरातच आहे की."

विल्मारनं कानस खाली ठेवली नाही, म्हणून तो मला आवडला. काम संपलं तेव्हा बाबा जुन्या नाला उलटसुलट करून तपासत होते.

"ताई, जरा फिरवून आणता का?" विल्मार म्हणाला.

मी बसले. फळीवर ठेका स्वच्छ पडला. बाबांनी मान वर केली.

"पुन्हा."

पुन्हा तसाच. बाबांनी मला उतरवलं, स्वतः चढले, आणि ठेका नेहमीच्याच जागी अडखळला. विल्मार उगाच पेटी आवरू लागला.

"तुम्ही दोघं मिळालेले आहात," बाबा मला म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "हो, होराशियोनं मलाही विकत घेतलंय. आणा पुन्हा एकदा, मी खालून बघते."

त्यांनी आणली. कॉफीच्या मळ्यातल्या उतारावर पडल्यापासून त्यांची कंबर डाव्या बाजूला दुखते, हे मला ठाऊक होतं. खोगिरावर ते सगळा भार उजवीकडे टाकतात, हे मात्र मी आज पाहिलं. ते कलले की कानेला एक पाऊल रोखून त्यांना सावरून घेत होती.

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या भार नसलेल्या डाव्या रिकिबीकडे. उतरताना त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला.

"रविवारी तू बस," ते म्हणाले. मग विल्मारकडे न बघता, "गावात सांगायचं, नालबंदाचा भरवसा नव्हता. म्हणून म्हातारा खाली उभा राहून ठेका ऐकतोय."

"सांगा, काका. माझं नाव घेऊन सांगा."

रविवारी होराशियोनं मला हटकलंच. "काय गं, बाप कुठाय?"

"नालबंदावर नजर ठेवून आहेत," मी म्हणाले.

बाबा कुंपणापाशी उभे होते, डाव्या हातानं विल्मारचा खांदा धरून.