वाघदेवाचा आंबा

येऊरचा डोंगर सरकारनं राखीव केला, त्याच्या पुढच्या माघात सगुणेचा नवरा विश्राम ऐनाच्या झाडाचा टहाळा तोडताना सापडला. राबासाठी टहाळा लागतोच. तो जाळून जमीन भाजल्याशिवाय भाताचं रोप धरत नाही, हे पाड्यावरचं पोरगंही सांगेल. पण जंगलाचा शिपाई परशुराम याला ते ऐकायचंच नव्हतं. त्यानं विश्रामला ओल्या बांबूनं असं बडवलं की माणूस अंथरुणाला खिळला, रक्त थुंकू लागला आणि शिमग्याच्या आधीच गेला.

सगुणा रडली नाही. फक्त रोज कोयती घासत बसायची.

चैत्रात परशुराम पाड्यावर आला. घोडबंदरच्या खाडीवरच्या कुणाला तरी होडीसाठी आंब्याचं जाड खोड हवं होतं, आणि ते तो चोरून विकणार होता. वेठीला त्यानं दगडू आणि उत्तम या दोघांना धरलं. मग सगुणेकडे वळला.

"ए बाई, तुझा नवरा मधासाठी रान तुडवायचा ना? सगळ्यात मोठा आंबा कुठे आहे, दाखव."

"दाखवते, शिपायदादा," सगुणा म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की दगडूनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

तिनं त्यांना वाघदेवाच्या आंब्याखाली नेलं. त्या झाडाला पाड्यानं कधी कुऱ्हाड लावली नव्हती. वर, दाट पानांच्या आड, आग्या माश्यांची मोहोळं लोंबत होती. विश्राम वर्षातून एकदा धूर करून चढायचा, अर्धा मध काढायचा आणि अर्धा माश्यांना ठेवायचा. खालून बघणाऱ्या परक्याला मात्र नुसती पानंच दिसत.

"घाला घाव," परशुराम म्हणाला.

दगडू खांद्यावरची घोंगडी डोक्यावर ओढून मटकन खाली बसला. "देवाचं झाड हाय. जीव घ्या, पन आमचा हात नाय उठायचा." उत्तमही आपली घोंगडी पांघरून त्याच्याशेजारी बसला.

शिव्या देत परशुरामनं स्वतःच कुऱ्हाड उचलली. सगुणेनं एक शब्द सांगितला असता तर तो थांबला असता. ती मागे सरकली, दगडूच्या घोंगडीत शिरली आणि गप्प राहिली.

तिसऱ्या-चौथ्या घावाला झाड हादरलं. वरून घोंघाट उठला आणि काळा ढग खाली कोसळला.

परशुराम किंचाळत गोल गोल फिरू लागला. फेटा कुठं, कुऱ्हाड कुठं! "धूर करा! अगं बाई, धूर कर!"

सगुणेनं घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. एक माशी तिच्या गालाला डसली, तिनं ती झटकलीही नाही.

"धुराला ओला टहाळा लागतो, शिपायदादा. टहाळा तोडायला तुमची बंदी हाय!"

दगडू उठू लागला. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "बस खाली. विश्रामच्या वेळी कोन उठलं व्हतं?"

दगडू बसला.

परशुराम ठेचकाळत उतारावरून घरंगळला आणि ओढ्याच्या डोहात पडला. त्यानंच तो वाचला. माश्या पांगल्यावर दगडू-उत्तमनं त्याला डोलीत घालून ठाण्याला पोचवलं. तोंड सुजून भोपळा झालेलं. एक डोळा कायमचा गेला. येऊरचं नाव पुन्हा त्यानं काढलं नाही, आणि आंबा चोरून तोडत होतो हे सांगायची सोय नसल्यानं तक्रारही केली नाही.

संध्याकाळी सगुणेनं झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपली. घरी येऊन पोटभर भाकर खाल्ली. कितीतरी दिवसांनी तिला चव लागली.

"मेला असता तर गं?" दगडूनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तर वाघदेवाला कोंबडं दिलं असतं."

वैशाखात नवा शिपाई आला. परशुरामचं तोंड त्यानं ठाण्याला पाहिलं होतं. सगुणा भर उन्हात, उघड्यावर, ऐनावर चढून टहाळा तोडत होती. त्यानं खालून तिच्याकडे पाहिलं, वरच्या फांद्यांकडे पाहिलं, आणि पायवाट बदलून निघून गेला. तिनं झाडावरून उतरून भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि राब भाजायला शेताकडे निघाली.