जागा अडवून बसलेली इस्त्री

मित्रांनो, जुनी म्हणा, चिकटपट्टीच्या वायरची म्हणा, पण मी अस्सल इस्त्री आहे. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत माझा जन्म गेला. नवी होते तेव्हा माझ्या तळात तोंड पाहून घ्यावं, अशी चकाकी होती. सगळे माझ्यावर खूश होते.

मग शेजारच्या टेबलावर ती आली. वाफेची! तिच्या देखभालीचा वर्षाचा करार. मेकॅनिक दर महिन्याला येऊन तिला पुसतो, तपासतो, माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. चादरी त्याच, अभ्रे तेच, आणि कोणी तुपाशी, कोणी उपाशी! मला तिचा अस्सा राग यायचा!

आमच्यावर काम करणाऱ्या दोघी जावा. थोरली कायम नोकरीत, तिच्या हाती शेजारीण. धाकटी ठेकेदाराची, तिच्या हाती मी. थोरलीला भरपगारी रजा. धाकटीचा खाडा झाला की पैसे कापलेच.

धाकटीला दिवस गेले. ठेकेदार म्हणाला, "खुशाल बाळंत हो. नंतर जागा असली तर बघू." जागा कसली राहते! दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई उभी करणार.

धाकटी मला चादरीवर दणादणा आपटू लागली. "जाऊबाई, तुमच्या बाळंतपणात घरी बसून पगार मिळाला. मी काय वेगळ्या चादरी करते?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझा करार मी लिहिला का?"

"तुम्ही नाही हो. पण तुमच्याकडे बघून जीव जळतो. खोटं कशाला बोलू?"

अगदी माझ्या मनातलं बोलली!

धाकटीचा शेवटचा दिवस संपला. ती गेल्यावर थोरलीने कात्रीच्या टोकाने माझा प्लग उघडला, आतली तार सोडवली आणि पुन्हा बंद केला. सकाळी ठेकेदार नवी बाई घेऊन हजर. मी थंडगार!

लाँड्रीचे साहेब आले. "ही कधी गेली?"

"कालच. दुरुस्तीला टाकता का?" थोरलीने साळसूदपणे विचारलं.

"या भंगारावर कोण खर्च करणार? तुझ्या एकटीच्यानं काम निघेल ना?"

"काढते की."

साहेब महाचिंगूस. नवी बाई हात हलवत परत गेली, तिचं मला वाईट वाटलं. तेव्हापासून दोघींच्या चादरी थोरली एकटीच करते आणि अधूनमधून खांदा चोळते.

धाकटीला मुलगी झाली. अजून अंगावर पिते आहे.

परवा मेकॅनिक आला. शेजारणीचं आटोपलं आणि काय वाटलं कोण जाणे, त्याने चक्क माझा प्लग हातात घेतला. याच क्षणासाठी मी किती वर्षं झुरले होते! थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला.

"राहू द्या हो दादा," ती म्हणाली, "तिचा करार नाही."

त्याने प्लग खाली ठेवला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची डागडुजी जरूर करा. मला मात्र धाकटी परत येईपर्यंत कुणी हात लावू नका.