सहादेवचा गूळ

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत साठ उंदरांची देखभाल सहादेवकडं होती. बुरशीनाशक पावडरची धूळ रोज सहा तास त्यांना एकेका नळीत बसवून कमी-जास्त प्रमाणात हुंगायला द्यायची, कुणाचं काय बिघडतं ते बघायचं आणि त्यावरून कामगारांच्या हवेत किती धूळ चालेल ते ठरवायचं, असं ते काम. काम चांगलंच, पण ज्याला ते स्वतःच्या हातानं करावं लागतं त्याच्या जिवाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

सहादेवनं आधी वीस वर्षं पावडरच्याच कारखान्यात गोण्या भरल्या होत्या. तिथं पाळी सुटली की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गुळानं धूळ उतरते, अशी सगळ्यांची खात्री. सगळ्यात जास्त धूळ घेणारे वीस उंदीर रोडावलेले बघून त्याला राहवेना. रोज संध्याकाळी तो त्यांनाही गुळाचा बारीक खडा देऊ लागला. उंदीर बाळसं धरू लागले आणि हा भोळा सांब मनातल्या मनात खूश.

सहाव्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख आरती मॅडमनी वजनांचे आकडे बघितले. "सहादेवमामा, जास्त धुळीतले उंदीरही धडधाकट आहेत. पावडर तितकी वाईट नाही म्हणायची. मर्यादा वाढवता येईल."

"म्हंजी कारखान्यात आनखी धूळ चालंल?"

"कदाचित दुप्पटसुद्धा."

त्याच पावडरच्या पॅकिंगला त्याची सून रुपाली होती. तिला चौथा महिना. गप्प बसावं तर सुनेच्या जिवाला घोर, बोलावं तर नोकरी जाणार. करायला गेला गणपती, झाला मारुती! पण तो गप्प बसला नाही, हे त्याचं मोठेपण.

"मॅडम, ती वजनं खोटी हायेत. मी त्यांना रोज गूळ घालीत हुतो. लई चुकलं माझं. काढून टाका मला."

आरती मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. सहा आठवडे पाण्यात. हे साठही उंदीर आता मारावे लागणार आणि नवे साठ आणून सगळं पहिल्यापासून. हे मॅडमच्या तोंडून ऐकताना सहादेवला रडू आवरेना.

"तुम्हाला काढू कशी, मामा?" मॅडम म्हणाल्या. "घाबरलेला उंदीर श्वास नीट घेत नाही, चाचणीच बिघडते. तुमच्या हातात ते शांत राहतात. दुसऱ्या कुणाला हे जमत नाही."

नवे उंदीर सोमवारी आले. पहिलाच सहादेवच्या तळहातावर निवांत बसला. तो तसा निवांत असतानाच सहादेवनं त्याला नळीत सरकवलं.