उठले नसते तर

दाभण अर्धा आत गेला आणि अडकला… काका म्हणाले, "बसा," आणि ती बसली. बसली म्हणजे आधी डावा गुडघा सांभाळत, मग हातावर भार देत, मग सगळीच्या सगळी. तशी कापसानं ठासून भरलेली गादी तिच्याखाली दबली आणि त्या लांब लोखंडी सुईचं टोक खालच्या बाजूनं बाहेर आलं. काकांनी वाकून दोरा ओढला, गाठ मारली, वरून कापडी टिकली बसवली. गादीला खळी पडली. पुढचा टाका. गादी दाबायचं यंत्र कारखान्यात आहे, नाही असं नाही, पण ते बिघडलेलंच असतं, आणि काका, ज्यांचा सगळा जन्म टाके घालण्यात गेला, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की यंत्र बिघडतं, वीज जाते, आमच्या ताई तेवढ्या कधी बिघडत नाहीत. लोक हसतात. तीही हसते, हसायला काय जातं? तिचं खरं काम खोळी बेतायचं, आणि त्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कुणी नाही, पण ते कोण सांगतोय.

टोक पुन्हा आत. सर्जननं असंच कागदावर काढून दाखवलं होतं. एक पिशवी, म्हणजे तिचं जठर, तिच्यावर उभी रेघ, आणि रेघेच्या एका बाजूला खसाखसा पेन चालवत तो म्हणाला होता, एवढं काढून टाकायचं, पाऊण भाग तरी, उरलेलं पिनांनी बंद करायचं, पोटाला चारपाच भोकं, बस्स. 'काढून टाकायचं' म्हणताना त्याचा चेहरा इतका धुतल्या तांदळासारखा होता की तिला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. काढलेलं टाकता कुठे, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं… बादलीत? माझं आहे ते. घासाघासानं मी वाढवलंय. तुम्ही कोण त्यावर रेघ मारणारे?

पण विचारलं नाही. कारण डॉक्टर खोटं बोलत नव्हता. एकशे अठ्ठावीस किलो. गुडघ्यांचं नंतर बघू म्हणाला, आधी श्वासाचं बघा. झोपेत तुमचा श्वास थांबतो, एक दिवस थांबेल आणि पुन्हा सुरूच व्हायचा नाही. हे ऐकून परगावी नोकरी करणारी तिची मुलगी फोनवर रडली होती. मुलीनंच डॉक्टर शोधला, मुलीनंच वेळ घेतली, आणि आज दुपारी दुसरी भेट होती — सुरुवात कुठून करायची ते सांगणाऱ्या बाईंकडे. एकच अट होती, घरचं माणूस सोबत आणायचं. मुलीला रजा नव्हती. राहता राहिलं घरचं माणूस एकच.

"मग आता आमच्या गादीवर कोण बसणार?" काकांनी विचारलं. थट्टाच ती. त्यांना कुठे ठाऊक होतं की हाच प्रश्न गेले आठ दिवस तिच्या छातीत रुतून बसलाय, फक्त त्यात गादी नाहीये.

लग्न झालं तेव्हा ती काडी होती. आणि काडी मोडायला काय लागतं? नवरा बाहेर मोठा गोड माणूस. मोटार चालवायला शिकवतो, शिकणारा दहादा गाडी बंद पाडो, याचा आवाज चढत नाही. सगळं चढलेलं घरी आणायचा. आधी हातानं, मग पट्ट्यानं, मग दार. दारात तिचा हात घालून दार लावलं होतं एकदा. मनगट तुटलं तेव्हा दवाखान्यात तिनं सांगितलं जिन्यावरून पडले, आणि घराला जिनाच नव्हता. तिला त्याही अवस्थेत हसू आलं होतं. मारताना तो बोलायचा नाही. ते सगळ्यात वाईट. शिव्या दिल्या असत्या तर निदान कळलं असतं की आता संपत आलंय.

ती खायला लागली. लोकांना वाटतं जिभेचे चोचले. चोचले कसले डोंबलाचे, चव लागली असेल तर शपथ. ओट्याशी उभी राहून, पाव तर पाव, गार भात तर गार भात, रात्रीचं उरलेलं, मुलीनं टाकलेलं… बांधकामावरची बाई एकावर एक विटा ठेवत जाते तसं. आधी गाल भरले, मग दंड, मग कंबर. तो चिडवायचा, म्हैस म्हणायचा, पण मारायला आता त्याला मागे सरून जोर लावावा लागायचा, आणि त्या मागे सरण्यात जो क्षणभर वेळ जायचा तो तिनं कमावलेला होता, तिचा स्वतःचा.

आणि मग ती दुपार. फरशी ओली होती. कशावरून निघालं होतं ते आठवतही नाही, मीठ असेल, बटण असेल, त्याला कारण कुठे लागायचं. त्यानं हात उगारला आणि ती मागे सरली नाही. पुढे गेली. एवढंच केलं, पुढे गेली. तो घसरला, उताणा पडला, आणि ती त्याच्या छातीवर बसली. आधी त्यानं तिला गुद्दे मारले, मांड्यांवर, पोटावर, लागत होते, पण लांबून. मग म्हणाला ऊठ. मग म्हणाला, अगं ऊठ. मग बोलायला त्याच्याकडे हवा उरली नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग तांबडाकाळा, डोळे मोठे मोठे होत गेले, टाचा फरशीवर आपटत होत्या, आणि ती समोरच्या पडद्याकडे बघत होती. पडद्याची शिवण उसवली होती. हे शिवायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं होतं.

मग मी उठले.

त्यानंतर नऊ वर्षं त्यानं हात उगारलेला नाही. ती त्याला 'अहो' म्हणायची ते त्याच संध्याकाळपासून 'अरे' म्हणायला लागली; लोकांत तेवढं 'हे'. दोघांपैकी कुणीही त्या दुपारबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि ती खातच राहिली, कारण पहारा कधी उठवायचा हे पहारेकऱ्यानं ठरवायचं नसतं.

दवाखान्यात तो तिच्याआधी येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट. तिला बघून उठला, खुर्ची पुढे केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे पीळ कुठे ठेवलाय त्यानं, ते तिला नऊ वर्षांत सापडलं नव्हतं. समुपदेशक बाई तरुण होत्या, गळ्यात ओळखपत्र, समोर प्लास्टिकचं जठर. त्याचे दोन भाग सुटे व्हायचे आणि बोलता बोलता त्या ते उघडमीट करत होत्या. सुरुवात अशी, त्या म्हणाल्या. आधी रक्त, हृदय, पोटात दुर्बीण. मग ऑपरेशनआधी दोन आठवडे नुसतं पातळ, म्हणजे यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. ऑपरेशननंतर पुन्हा पातळ, चमच्या-चमच्यानं, वाटीभर प्यायला अर्धा तास. गोळ्या जन्मभर. तो मान हलवत होता. मध्येच त्यानं विचारलं की चक्कर येते म्हणतात ती किती दिवस, आणि अशक्तपणा नेमका किती, म्हणजे उठता-बसता येतं की धरावं लागतं.

नेमका किती…

येतो ना अशक्तपणा, बाई म्हणाल्या. सहा आठवडे जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, पोटावर जोर येईल असं काही करायचं नाही. घरचं माणूस खंबीर पाहिजे.

"मी आहे ना," तो म्हणाला. "मी रजा काढीन. मी बघेन तिच्याकडे."

बाई खूश झाल्या. नशीबवान आहात, म्हणाल्या, पुरुषमाणसं इथे यायलासुद्धा तयार नसतात. आणि तिला वाटलं, ह्या पोरीचे केस मुठीत धरावेत आणि तिचं कपाळ त्या प्लास्टिकच्या जठरावर आपटावं, एकदा, दोनदा, त्याचे दोन भाग पुन्हा कधी जुळणार नाहीत इतकं, आणि सांगावं की बघ, नशीब असं दिसतं. तिनं हात पदराखाली घेतले. बाई विचारत होत्या, घरी काही ताण? भांडणं? नवरा शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतका शेजारी, आणि हा प्रश्न. काही नाही, ती म्हणाली. सगळं चांगलं आहे. आणि मग, आपण विचारणार आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नसताना, तिनं विचारलं:

"त्या सहा आठवड्यांत कुणाला ढकलावं लागलं तर?"

बाई हसल्या, कुणाला ढकलताय म्हणाल्या. तोही हसला. पण जरा उशिरा हसला.

घरी चालत निघाले. तिची पिशवी त्यानं घेतली होती आणि तिच्या गुडघ्याच्या चालीनं हळूहळू चालत होता; बघणाऱ्याला वाटावं, काय जोडा आहे. मुलीचा फोन आला. ठरलं का? बघू, ती म्हणाली. अगं बघू काय, आई, तुला भीती कसली वाटते ते तरी सांग. काय सांगावं? तुझ्या बापाच्या आणि माझ्या मध्ये एकशे अठ्ठावीस किलो उभे आहेत, त्यातले अर्धे उचलून नेलेस तर मधे काय ठेवू? मुलीला मार माहीत होता, पोरीनं लहानपणी पलंगाखालून सगळं ऐकलेलं. ती दुपार तेवढी माहीत नव्हती. शाळेत होती तेव्हा. पोळ्या करायच्या आहेत अजून, ती फोनवर काहीतरीच बोलली, आणि मुलगी म्हणाली, तू विषय बदलू नकोस.

न करावं तर झोपेत मरण. करावं तर जागेपणी. डॉक्टर म्हणतो दहा वर्षं वाढतील. वाढलेली वर्षं याच्या हाताखाली घालवायची तर वाढवायची कशाला? आणि तरी, मुलीचं लग्न व्हायचंय, तिची पोरं बघायची आहेत, मेलं मरायचं कुणाला आहे… मला नाही मरायचं.

घरी आल्यावर तो खुर्चीत बसून बूट काढायला लागला. ती समोर बसली. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं.

"मी बारीक झाले की पुन्हा मारशील?"

एक बूट पायात, एक हातात. नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. तो बुटाकडे बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "त्या दिवशी तू उठणार होतीस का?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं आपण ऐकलंच नाही.

"उठले की."

"बेल वाजली म्हणून उठलीस."

कसली बेल? तिला बेल आठवत नव्हती. पडदा आठवत होता, टाचा आठवत होत्या… तो सांगत गेला, एकाच आवाजात, शिकाऊ माणसाला गिअर समजावून सांगतो तशा. शाळा लवकर सुटली होती. पोरगी बेल वाजवत राहिली. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, दाराकडे बघितलंस, पुन्हा माझ्या तोंडाकडे. विचार केलास तू. मग उठलीस, दार उघडलंस, तिला दूध दिलंस. मी जमिनीवरच होतो. तिला म्हणालीस, बाबांच्या कमरेत उसण भरलीये.

आठवलं. दुधावरची साय मुलीला आवडत नाही म्हणून तिनं ती बोटानं काढली होती. हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

"मला झोप लागत नाही," तो म्हणाला. "तुझा श्वास थांबतो ना, तेव्हा मी मोजतो. सुरू झाला की वाईट वाटतं, आणि नाही झाला तर काय, म्हणून भीतीही वाटते. कर ते ऑपरेशन. मी हात लावणार नाही. लावणार नाही असं वाटतं."

त्यानं दुसरा बूट काढला, दोन्ही भिंतीशी नीट लावले आणि चहा टाकायला गेला. ती त्याच्याकडे बघत होती. ओट्याशी तो तिरका उभा राहिला होता, एक खांदा तिच्याकडे; नऊ वर्षं तो असाच उभा राहतो आणि तिला वाटायचं, ओटा अरुंद आहे म्हणून. तो पाठ करत नव्हता. नऊ वर्षं या माणसानं तिच्याकडे पाठ केलेली नव्हती.

पहारा त्याच्यावर होता ना? मग तो का जागा होता?

आधी तिला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं, अंगभर, कुठलाही घास इतका गोड कधी लागला नव्हता. मग तिनं त्या इस्त्रीच्या शर्टाआड वर-खाली होणारी त्याची छाती बघितली, आणि तिला पुन्हा तिथे बसायचं होतं. आता. आत्ता. बेल काढून ठेवून. त्यानं आज काहीच केलं नव्हतं. दवाखान्यात आला होता, पिशवी धरली होती, खरं बोलला होता, चहा टाकत होता, आणि तिला त्याच्या टाचा आपटलेल्या ऐकायच्या होत्या. वजन होतं म्हणून त्या दिवशी नुसतं बसून भागलं. वजन गेलं तर हात काय काय शोधतील, सुरुवात कुठून करतील… डॉक्टरनं मारलेल्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे हे? काढून टाकायच्या बाजूला की ठेवायच्या?

"साखर घालू?" त्यानं तिरक्यानंच विचारलं.

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकून बसून राहिली.