पेपर वाढवला

वेदांगच्या लग्नातले उरलेले बेसनाचे लाडू ईश्वरीने ऑफिससाठी डब्यात भरले, झाकण लावले आणि डबा टेबलावर तसाच ठेवून ती खाली बसली. दोन हजार तेवीसचा ऑक्टोबर होता. भावाचे लग्न जर्मनीत, आखनमध्येच झाले, आणि दुसऱ्याच दिवशी ती जिथे काम करत होती ते साप्ताहिक विकले गेले.

"नेत नाहीस?" विभावरीने लेकीला विचारले.

"कुणाला नेऊ? तिघंच उरलोय." ईश्वरी जर्मनमध्येच म्हणाली. मराठी तिला सगळे समजायचे, पण बोलायची ती फक्त आजोबांशी, मोडके.

आजोबा श्यामकांत समोर बसून त्याच साप्ताहिकाचा, 'क्वेरगासे'चा नवा अंक ओळीखाली बोट धरून वाचत होते. संगमनेरला त्यांचे सायकलचे दुकान होते. अक्षरे त्यांनी चाळिशीत, मुलगा शाळेत जायला लागल्यावर, त्याच्याच पाटीवर गिरवली. जर्मन अक्षरे आखनला आल्यावर या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकावरून शिकले. अर्थ फारसा लागायचा नाही. पण भाडेकरूंना छळणाऱ्या घरमालकांची नावे मोठे पेपर छापत नाहीत आणि नातीचा पेपर छापतो, एवढे त्यांना ठाऊक होते.

"आजोबा, माझी पेपर गेली."

"माझा पेपर गेला," त्यांनी वर न बघता दुरुस्त केले. मग बोट थांबले. "गेला म्हणजे? कुठे गेला?"

"स्टुटगार्ट."

तिने जमेल तसे सांगितले. एका कंपनीने वेगवेगळ्या गावांतली अशी पाच साप्ताहिके घेतली होती. जानेवारीपासून पाचांची पाने स्टुटगार्टलाच तयार होणार. वर नाव तेवढे गावाचे, आत सगळीकडे तेच. आखनचे ऑफिस रिकामे करायचे. आणि आखनमध्ये तयार होणाऱ्या शेवटच्या अंकाचे पहिले पान तिने लिहायचे होते. मथळा कंपनीने पाठवला होता: आम्ही वाढतो आहोत.

"बंद हा शब्द नको म्हणतात. लिहिला, तर मला तिथे नोकरी नाही. नाही लिहिला तर, आल्झो, म्हणजे, लोकांना खोटं."

"बंद म्हणूच नये," श्यामकांत म्हणाले.

"तुम्ही पण?"

"अगं, मी रोज संध्याकाळी दुकान बंद केलं असं कधी म्हणालो नाही. अशुभ असतं ते. दुकान वाढवलं म्हणायचं."

"वाढवलं? म्हणजे मोठं केलं?"

"मोठं कसलं! शटर ओढायचं, कुलूप लावायचं, घरी जायचं. शेवटी विकून टाकलं तेव्हाही सगळ्यांना तेच सांगितलं. दुकान वाढवलं."

"बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात, ईशू," विभावरी ओट्यापाशी वळून म्हणाली. "रविवारच्या मराठी वर्गाला दांड्या मारल्यास ना, म्हणून माहीत नाही. अहो बाबा, चहा घ्या, गार होतोय."

ईश्वरीने पेन काढून आजोबांपुढे धरले आणि अंकाच्या समासावर बोट ठेवले.

"लिहून द्या ना."

त्यांनी चष्मा पुसला. आधी अक्षरे लिहिली, मग त्यांच्यावर एकच लांब रेघ ओढली. *पेपर वाढवला.*

शेवटच्या अंकाचे पान तपासायला कंपनीचे फोग्ट स्वतः आले. मथळा त्यांच्या मनासारखा होता. मजकुरातही आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. तळाशी, एका म्हाताऱ्या माणसाच्या हाताने लिहिलेली ओळ होती.

"ही कोणती लिपी?"

"मराठी. माझ्या आजोबांची भाषा."

"काय लिहिलंय?"

"शब्दशः सांगायचं तर, पेपर वाढवला."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" फोग्ट खूश झाले. त्यांनी ईश्वरीने घरून आणलेल्या डब्यातला एक ताजा लाडू उचलला. "मथळ्याशी किती जुळतं. आणि शहर कसं मिश्र आहे तेही दिसतं. हे पान पाचही गावांत जाऊ दे."

ईश्वरीने डबा त्यांच्याकडे आणखी सरकवला.

अंक वाटला गेल्यावर तिला इंगोलश्टाटहून फोन आला. तिथल्या साप्ताहिकाचे संपादक बोलत होते.

"तुमच्या त्या ओळीबद्दल विचारायचं होतं. इथे वरच्या मजल्यावर एक भारतीय बाई राहतात, मुलगा गाड्यांच्या कारखान्यात आहे. त्या सकाळी खाली आल्या, माझा हात हातात घेतला, आणि वाईट वाटलं म्हणाल्या. मी म्हटलं, आमचं ऑफिस इथेच राहणार आहे, तसं वचन दिलंय आम्हाला. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. काय छापलंय आम्ही?"

ईश्वरीने सांगितले. आधी शब्दशः, मग दुकानाचे, शटरचे, कुलपाचे.

पलीकडे खुर्ची करकरली.

"फोग्टना हे माहीत आहे?"

"त्यांना फार आवडलंय."

ते हसू लागले आणि मध्येच थांबले. "म्हणजे आमचंही वाढवणार," ते म्हणाले.

संध्याकाळी तिने तो अंक घरी नेला. श्यामकांतांनी स्वतःची ओळ बोट धरून वाचली, आणि मान वर करून विचारले, "रेघ जरा वाकडी आली का गं?"

"नाही," ती मराठीत म्हणाली. "सरळ आला आहे."

"आली आहे."

"आली आहे."

श्यामकांत लोंढे नऊ फेब्रुवारी दोन हजार चोवीसला आखनमध्ये वारले. 'क्वेरगासे' त्याच वर्षी एप्रिलमध्ये, इंगोलश्टाटचे साप्ताहिक जूनमध्ये.