‘बघू की’ आणि समुद्रातला जाळ

मुलगी बघायला आलेले पाहुणे उठताना ‘बघू की’ म्हणाले, तर कोल्हापुरातला बाप दुसरं स्थळ शोधायला लागतो. हा आमच्याकडचा नकारच, फक्त गूळ लावलेला.

२००८ साली मी मुंबईत, समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेत नोकरी करत होते. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथे रात्रंदिवस नुसता जाळून टाकतात. हेलिकॉप्टरमधून तो जाळ पहिल्यांदा पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. अहो, तेवढ्यावर अख्ख्या जिल्ह्याचा पांढरा रस्सा शिजला असता! हवा तापतेय म्हणून जगभर ओरड, आणि आमचे लोक खुशाल जाळतायत. म्हणून संघटनेच्या हवामान वचननाम्याचा मसुदा माझ्याकडे आला, तेव्हा मी ठणकावून लिहिलं: २०१२ पर्यंत हा जाळ बंद, सुरक्षेपुरती ज्योत तेवढी राहील. सभासदांनी साल खोडलं आणि घातलं, ‘परिस्थिती पाहून, शक्य तितक्या लवकर’. साल गेलं म्हणजे सगळंच गेलं. मला रडू यायचं बाकी होतं.

त्या वर्षीची सभा कोल्हापुरात होती, कारण अध्यक्ष उदयसिंह इथलेच. त्यांच्या बोटी तेलविहिरींना सामान पोचवायच्या. आदल्या दिवशी मी गावाजवळच कळंब्याला घरी गेले आणि आईला ते वाक्य मराठीत सांगितलं.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, “म्हंजे बघू की!”

हसून हसून माझं पोट दुखलं. पण ते हसणं दुसऱ्या दिवशी अंगाशी आलं. सभेच्या शेवटी गावातल्या पत्रकारांना वचननामा मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं त्या वाक्यापाशी आईचे शब्द तोंडातून निसटले: “समुद्रातला जाळ बंद करायचं... बघू की!”

पत्रकार हसले, दारातले वाढपीसुद्धा हसले. आता नोकरी गेली, असं मला वाटलं. मराठी न कळणारे मुंबईचे सभासद काय झालं म्हणून विचारू लागले.

उदयसिंह लालबुंद झाले होते. “संघप्रियानं बरोबर सांगितलंय,” ते सभासदांना इंग्रजीत म्हणाले. “आपण ‘नाही’च म्हटलंय.”

केरबा नावाच्या म्हाताऱ्या पत्रकारानं विचारलं, “अध्यक्ष, मथळा ह्योच टाकू काय?”

“टाकून तर बघ! माझ्या गावात, माझ्याच मांडवात बघू की?” उदयसिंह गरजले. “संघप्रिया, तुझं साल कुठलं हुतं?”

“दोन हजार बारा.”

“ऐका, पावणं! मटण शिजलंय, रस्सा उकळतोय. पर साल ठरल्याबिगर एकबी ताट वाढायचं न्हाय!”

मी ते इंग्रजीत सांगितलं; पण भाषा कळली नसती तरी रश्श्याचा वास सगळ्यांना कळत होता. पहिला हात वर गेला तो साल खोडणाऱ्या गृहस्थांचाच. मग भराभर सगळे. वचननाम्यात साल परत आलं आणि मी तांबड्या रश्श्याच्या चार वाट्या प्याले.

घरी जाऊन आईला मिठी मारली. “आई, २०१२ ला जाळ बंद! छापून देणार हायत.”

“छापू देत की,” ती म्हणाली. “त्या साली मला न्हे तितं हेलिकॉप्टरातनं. इझलाय का न्हाय, बघू की!”